टॉवर नसलेला विमानतळ

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे तीन प्रश्न हमखास विचारले जातात : तिकडे पगार किती, थंडी किती आणि खायचे काय? वैमानिकाचे शिक्षण घेण्यासाठी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सव्वा वर्ष राहून मी परत आलो तेव्हा त्यांत चौथ्या प्रश्नाची भर पडली : आता नोकरी कधी लागणार? चारही प्रश्नांची उत्तरे मी निमूटपणे देतो. पगार मिळवला नाही, उलट पैसे भरले. फ्लोरिडात थंडी नावालाच. खायचे म्हणजे स्वतः शिजवलेला वरणभात. आणि नोकरीचे म्हणाल तर अमेरिकेतला परवाना इकडच्या परीक्षा देऊन भारतीय करून घेतला आहे आणि विमान कंपन्यांच्या जाहिरातींकडे डोळे लावून बसलो आहे. परंतु जी गोष्ट सांगावी असे मला मनापासून वाटते, ती या चारही प्रश्नांत बसत नाही, आणि ती कोणी विचारतही नाही. म्हणून वार्षिकाच्या संपादकांनी ‘काहीतरी लिहा’ म्हणताच मी ती लिहावयाचे ठरवले.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. मी याच महाविद्यालयाचा, आणि तोही कला शाखेचा, विद्यार्थी. नेवासे तालुक्यातील शेतकरी कुटुंबातला. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिक व्हायचे तर बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवे, असा नियम मी ऐकला तेव्हा माझ्यासमोर मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्राची पुस्तके होती. ते दोन विषय मी मुक्त विद्यालयातून वेगळे दिले. अमेरिकेच्या परवान्याला अशा पदवीची वा विषयांची अट नाही. वय अठरा पूर्ण असावे, इंग्रजी वाचता, बोलता, लिहिता व समजता यावे, आरोग्य तपासणीत उत्तीर्ण व्हावे आणि नेमून दिलेले उड्डाणाचे तास व परीक्षा पार पाडाव्यात, इतकेच! इकडेही ही विषयांची अट काढून कला व वाणिज्य शाखांना दार उघडावे, असा विचार २०२५ मध्ये पुढे आला. त्याचे स्वागत कला शाखेने तरी करावयास हवे.

अमेरिकेचे पहिले दर्शन काही सुखाचे नव्हते. विमानतळापासून मुक्कामापर्यंतचा रस्ता पाहून डोळे दिपले खरे, पण दुसऱ्याच दिवशी मीठ आणायला निघालो आणि कळले, की दुकान चार मैलांवर आहे, बस नाही, आणि रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस म्हणजे तिकडे एक संशयास्पद प्राणी असतो. ‘गाव तिथे रस्ता, रस्ता तिथे एस.टी.’ हे घोषवाक्य आपण लहानपणापासून वाचतो आणि विसरतो. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. पुणे आणि नगर या दोन गावांदरम्यान धावली, याचा अभिमान मला नगर जिल्ह्यात असताना कधी वाटला नव्हता. तो फ्लोरिडातल्या उन्हात, हातात मिठाचा पुडा घेऊन चालताना वाटला. ज्याच्याजवळ मोटार नाही तो त्या श्रीमंत देशात पांगळा असतो.

आणखीही पुष्कळ पाहिले. अनोळखी माणूस हसून ‘कसे आहात’ विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जातो, याचे पहिले आठ दिवस वाईट वाटले. नंतर मीही तसेच करू लागलो. ताटातले अर्धे अन्न सरळ कचऱ्यात जाताना पाहिले. ऐंशी वर्षांची आजी एकटी राहते, एकटी मोटार चालवते आणि एकटीच सणाचा दिवा लावते, हेही पाहिले. उड्डाणपुलाखाली तंबू टाकून राहणारी माणसे पाहिली. औषधोपचाराच्या बिलाची धास्ती तर माझ्या शिक्षकांच्याही बोलण्यात असे. तेव्हा अमेरिकेस स्वर्ग म्हणण्याचा माझा मुळीच इरादा नाही.

खर्चाचे म्हणाल तर तोही सांगून टाकतो, कारण पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. शिकाऊ विमानात एक लहानसे घड्याळ असते. इंजिन सुरू झाले की ते तासाचे दहा भाग मोजत पुढे सरकते, आणि प्रत्येक भागाचे, म्हणजे दर सहा मिनिटांचे, पैसे पडतात. शिक्षकासह एक तास उडण्याला जे डॉलर लागत, त्यांचे रुपये करून मी उसाच्या भावाने भागाकार करी. उत्तर सहा टनांच्या घरात येई. वडिलांनी जमिनीच्या तुकड्यावर कर्ज काढलेले. त्यामुळे ढगांमुळे एक फेरी जास्त मारावी लागली की मला खाली फ्लोरिडाची तळी न दिसता आमच्या उसाच्या सऱ्या दिसत. असो.

आता मुख्य गोष्ट. 

विमानतळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उंच मनोरा येतो. त्याला टॉवर म्हणतात. त्यात बसलेला नियंत्रक ‘तू आता उतर, तू थांब’ अशा आज्ञा देतो आणि वैमानिक त्या पाळतात. माझीही समजूत तीच होती. पण अमेरिकेत जनतेच्या वापरासाठी खुले असे जे सुमारे ५,००० विमानतळ आहेत, त्यांपैकी टॉवर असलेले जेमतेम ५०० च्या आसपास. बाकीच्यांवर कोणी नियंत्रक नाही! गावाबाहेर शेताच्या कडेला एक धावपट्टी, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, स्वतःच भरून घ्यावयाचा पेट्रोलचा पंप आणि एखादी बंद खोली, एवढाच सारा संसार. तेथे एकाच वेळी चार-पाच विमाने येतात, उतरतात आणि उडतात. कोणाच्या हुकुमाने? कोणाच्याच नाही.

ही व्यवस्था चालते कशी, हे समजायला मला बरेच दिवस लागले. त्या परिसरातील सर्व विमाने रेडिओवर एकच ठरलेली लहर लावतात. प्रत्येकजण आपण कोण, कोठे आहोत आणि काय करणार आहोत हे आपण होऊन सांगतो : ‘अमुक गावच्या आकाशातील सर्वांनी ऐकावे. सेस्ना अमुक क्रमांक. धावपट्टी नऊला समांतर, डावे वळण घेऊन उतरत आहे. अमुक गाव.’ गावाचे नाव आरंभी आणि शेवटी असे दोनदा घ्यावयाचे, कारण शेजारच्या गावची विमानेही पुष्कळदा त्याच लहरीवर बोलत असतात. बाकीचे ऐकतात, मान वळवून शोधतात आणि आपापली जागा ठरवतात. शिवाय एखाद्या जुन्या विमानात रेडिओ नसतोही, आणि अशा ठिकाणी तो नसला तरी चालतो. म्हणून नुसते कान उघडे ठेवून भागत नाही, डोळेही उघडे लागतात.

दोन विमाने एकाच वेळी उतरायला आली तर? नियम असा, की जे कमी उंचीवर असेल त्याचा हक्क पहिला. पण गंमत पुढेच आहे. या हक्काचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसू नये, हेही त्याच नियमात लिहून ठेवले आहे! कायदा करणाऱ्याला माणसाचा स्वभाव पुरता ठाऊक होता, म्हणायचे. हक्क देताना हक्काचा आडदांडपणा करू नका हे त्याच श्वासात सांगणारा दुसरा कायदा मी वाचलेला नाही.

एकट्याने विमान नेण्याचे माझे सुरुवातीचे दिवस होते. वारा आडवा होता. रेडिओवर माझा आवाज थरथरत असावा, कारण माझ्या आधी पोहोचलेल्या एका विमानातून वृद्ध, संथ आवाज आला : ‘आधी तू उतर. मी आणखी एक फेरी मारून येतो.’ त्याच्याही घड्याळात पैसे पडत होतेच. मी उतरलो. तो नंतर उतरला, हात हलवून निघून गेला. त्याचे नावही मी विचारले नाही. मला या प्रसंगात त्याच्या चांगुलपणाहून अधिक महत्त्वाचे वाटते ते असे, की त्याला हे करावयास सांगणारा वर कोणीच नव्हता.

आणि हा विश्वास उड्डाणापुरता नाही. वैमानिकाच्या तासांची नोंदवही तो स्वतः भरतो. किती तास उडालो, रात्री किती, एकट्याने किती, हे त्याने लिहावयाचे. व्यावसायिक परवान्यासाठी तिकडे साधारणतः २५० तास लागतात, इकडे २००. एका रात्री खोलीत बसून पाच-दहा तास वाढवणे ही काही अवघड गोष्ट नव्हे. पण खोटा तास वहीत चढतो, हातात चढत नाही. आणि ढगात शिरल्यावर वही उपयोगी पडत नाही, हातच पडतो. आपल्याकडे २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर वैमानिकांचे परवाने मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आली, अटका झाल्या. त्या विमानांतून प्रवास करणाऱ्यांत तुमच्या-माझ्या घरची माणसे असू शकली असती.

येथे कोणी म्हणेल, एवढे अमेरिकेचे कौतुक कशाला? तर मित्रहो, नगरकरांना अमेरिका नवी नाही. आपण अमेरिकेला जाण्याच्या कितीतरी आधी अमेरिका नगरला आली आहे. अमेरिकन मिशनने १८३१ मध्ये येथे आपले ठाणे मांडले आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक येथूनच निघू लागले. ते आले ते आपला धर्म घेऊन. आपल्या लोकांनी मात्र त्यांच्याकडून शाळा आणि छापखानेही उचलले. परक्याकडून नेमके काय घ्यावे याचा विवेक या मातीला आहे.

हा विवेक सर्वांत नीट दिसतो तो पंडिता रमाबाईंच्या ठायी. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यक शिकण्यास अमेरिकेला गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवीधर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई तेथे पोहोचल्या आणि नंतर दोन वर्षांहून अधिक काळ तो देश हिंडल्या. आनंदीबाई परत आल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविसावे वर्षही पुरे होण्याच्या आत, पुण्यात वारल्या. त्या जगत्या तर काय लिहित्या, कोण जाणे! रमाबाईंनी मात्र १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक लिहिले. त्यात त्या इमारतींपाशी थांबत नाहीत. सामान्य बायका वर्गणी काढतात, सभा घेतात, मंडळे काढून ती नियमाने चालवतात, सरकारची वाट पाहत नाहीत, याचे त्यांना मोल वाटले. तसेच वर्णभेदाचा डाग त्यांनी झाकलाही नाही. आणि परत आल्यावर याच मार्गाने, तिकडच्या मंडळाच्या वर्गणीच्या बळावर, त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. आज आमच्यापैकी जो कोणी तिकडे जातो तो विमानाच्या पंखापाशी उभा राहून छायाचित्र काढतो आणि घरी पाठवतो. मीही काढले. पण सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी बाईने जे पाहिले, ते पाहण्याची नजर त्या छायाचित्रांत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

अर्थात टॉवरशिवाय सारे सुरळीत चालते, असे म्हणणे भोळेपणाचे ठरेल. २००१ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पाडणाऱ्यांपैकी काहीजण उडायला शिकले होते ते याच फ्लोरिडात. त्या विश्वासघाताची किंमत आजही प्रत्येक परदेशी विद्यार्थी भरतो : बोटांचे ठसे, चौकशी आणि मंजुरी मिळेपर्यंत थांबणे. मीही थांबलो आणि मला ते अन्यायाचे वाटले नाही. दुसरे उदाहरण तर त्याहून बोलके आहे. बोइंग ७३७ मॅक्स या विमानाच्या तपासणीचे बरेचसे काम सरकारी खात्याने बोइंग कंपनीवरच सोपवले होते. २०१८ आणि २०१९ मध्ये अशी दोन विमाने कोसळून ३४६ माणसे दगावली. तात्पर्य, जेथे प्रत्येकाचा स्वतःचा जीव पणाला लागलेला असतो आणि प्रत्येकजण दुसऱ्याला दिसत असतो, तेथे स्वयंशिस्त टिकते; जेथे नफा एकाचा आणि जीव दुसऱ्याचा, तेथे टॉवर हवाच!

मग आपले काय? ‘आपल्या लोकांना दंडुकाच लागतो’ हे वाक्य मी परत आल्यापासून इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याचा आता राग येतो. एस.टी. स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपणच, हे मला मान्य. पण याच जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहा. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा ते दुष्काळाने खचलेले गाव होते. गावाने ठरवले, की शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळीसारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, झाडे तोडायची नाहीत, मोकाट चराई करायची नाही. दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभेत ठरवायचे. प्रत्येक विहिरीवर काही पोलीस बसवता येत नाही. ‘माझ्याकडे इतके पाणी आहे, मी हे पीक घेणार आहे’ असे चारचौघांत सांगणे आणि शेजाऱ्याचे ऐकणे, हेच ते! रेडिओवरची ती घोषणा आणि ही ग्रामसभा यांत मला तरी फरक दिसत नाही. आषाढीच्या वाटेवर हजारोंच्या दिंड्या आपापला क्रम धरून चालतात, तेव्हाही प्रत्येक विण्यामागे शिपाई नसतो. म्हणजे आपल्याला हे येत नाही असे नाही; ते आपण शेतात करतो, वारीत करतो, आणि वर्गात आलो की विसरतो.

वर्गाचा विषय निघालाच आहे तर स्पष्टच लिहितो. शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे सुरू झाला. त्यापूर्वी आमच्या शिक्षणव्यवस्थेला एकच भरारी ठाऊक होती, ती म्हणजे भरारी पथकाची! परीक्षेच्या दिवसांत पथक येणार अशी बातमी येते, चिठ्ठ्या खिडकीबाहेर पडतात, पथक जाते, चिठ्ठ्या परत येतात. आम्ही टॉवरकडे बघून वागतो. टॉवरने पाठ फिरवली, की आमची विमाने एकमेकांवर आदळायला मोकळी. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात १८९३ मध्ये पर्यवेक्षकाविना परीक्षा घेण्याची पद्धत सुरू झाली, ती प्राध्यापकांच्या नव्हे, तर विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून, हे मला तिकडे गेल्यावर कळले. आपण असा आग्रह कधी धरला आहे काय?

म्हणून माझी या अंकातून एक सूचना आहे. विद्यापीठाची परीक्षा आपल्या हाती नाही. पण महाविद्यालयाची अंतर्गत चाचणी आहे. कोणत्याही एका वर्गाने, एका विषयाची, वीस गुणांची एक चाचणी पर्यवेक्षकाविना देऊन पाहावी. सरांनी प्रश्नपत्रिका ठेवावी आणि ग्रंथालयात जाऊन बसावे. कोणी चिठ्ठी काढली तर शेजाऱ्याने चाडी न करता त्यालाच ऐकू जाईल असे म्हणावे : ‘मला दिसले.’ इतकेच पुरे. पहिल्या वेळी काहीजण पकडले न जाता कॉपी करतील, हे मी गृहीत धरतो. माझीही विमाने पहिल्या महिन्यात धावपट्टीवर तीन-तीन उड्या मारत उतरत होती.

आता ज्यांना वैमानिक होण्यासाठी खरोखरच परदेशी जायचे आहे त्यांच्यासाठी चार शब्द. केवळ अमेरिका आहे म्हणून जाऊ नका. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ पासूनचा आहे; बारामती, धुळे, नागपूर, गोंदिया येथेही उड्डाणाचे शिक्षण मिळते; इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी महाज्योती संस्थेने नागपुरात वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. तिकडे जायचे तर हवामान, भरपूर विमाने आणि भरपूर धावपट्ट्या यांसाठी जावे. परत आल्यावर इकडच्या परीक्षा द्याव्या लागतात, मोठ्या विमानाचे शिक्षण वेगळे आणि त्याचा खर्चही वेगळा, आणि परवाना म्हणजे नेमणूकपत्र नव्हे, हे कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी वडिलांना नीट समजावून सांगा. ‘नोकरीची हमी’ देणारा दलाल भेटला, तर ती हमी लेखी मागा. तो पुन्हा दिसणार नाही.

आणि कला शाखेच्या मित्रांनो, इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर झोपू नका. आकाशात थोडक्या शब्दांत, स्पष्ट आणि खरे बोलावे लागते. मी कोठे आहे, काय करणार आहे, हे दोन वाक्यांत सांगता येणे ही भाषेचीच विद्या आहे, आणि ती मी भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून नव्हे, याच महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत, लाल दिवा लागल्यावर भाषण आटोपते घेता घेता शिकलो.

माझी नोकरी लागेल तेव्हा लागेल. उसाचे टन फेडायचे आहेत आणि ते मी फेडीन. पण मी तिकडून काय आणले, असे कोणी विचारलेच, तर परवान्याच्या आधी मी दुसरीच गोष्ट सांगेन : वर कोणी पाहत नसताना आपली जागा खरी सांगावी आणि दुसऱ्याला उतरू द्यावे. ही काही अमेरिकेची मिरास नव्हे. ती हिवरे बाजारला आहे, पंढरीच्या वाटेवर आहे. पुढच्या चाचणीला ती आपल्या वर्गात आणता येते की नाही, ते प्राध्यापकांनी आणि तुम्ही मिळून ठरवावे.